सॉफ्टवेअर ज्यांच्यासाठी, ते बैठकीत का नसतात?

खोडवा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचं काम आमच्या छोट्या टीमकडे आलंय. लागणीची नोंद, तोडणीचा क्रम, स्लिप (तोडणीची चिठ्ठी), काट्यावरचं वजन, पंधरवड्याचं बिल हे सगळं मोबाईलवर दिसावं, एवढी अपेक्षा आहे. पहिल्या बैठकीला शेती अधिकारी होते, संगणक विभागाचे लोक होते, दोन संचालक होते. गावोगाव फिरून नोंदी घेणारा चिटबॉय नव्हता, ऊसतोड टोळीचा मुकादम नव्हता, आणि ज्याचा ऊस आहे तो सभासदही नव्हता. "त्यांना नंतर ट्रेनिंग देऊ" असं ठरलं.

मला हे पटत नाही. रोज जे हे ॲप हाताळणार, ते पहिल्या दिवसापासून सोबत हवेत. नुसतं मत विचारायला नव्हे, ठरवायलाही. कारखान्याचा याला नकार नाही, पण "कसं करणार ते सांगा" असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते रास्त आहे.

तुमच्यापैकी कुणी असं काम केलंय का? किंवा तुमच्या कामात असं एखादं सॉफ्टवेअर आलंय का, जे करताना तुम्हाला विचारलं होतं? लोकांना कधी बोलवायचं, कुणाला बोलवायचं, आणि त्यांच्या शब्दाला वजन किती? हंगाम सुरू व्हायच्या आत उत्तर हवंय.

रानवाट

चांगला धागा. माझ्या घरात चिटबॉयची नोकरी झालेली आहे म्हणून लिहितो.

लागणीच्या तारखेप्रमाणे क्रम लावला की न्याय झाला असं कागदावर दिसतं. रानात तसं नसतं. मागच्या रानातला ऊस जूनच्या लागणीचा, पुढच्या रानातला ऑगस्टचा. पण मागची ट्रॉली बाहेर पडणार पुढच्या रानातूनच. पुढचा ऊस उभा असेल तर मागच्याला स्लिप देऊन उपयोग काय? मग चिटबॉय दोघांना बांधावर बोलावतो, चहा होतो, कुणीतरी चार सऱ्या आधी तोडून वाट करून देतो. शिवाय पाणी कधी तोडलं, ओल किती आहे, ट्रॉली रुतेल का, ऊस लोळलाय का, ओढ्यावरून भरलेली गाडी जाईल का, शॉर्टसर्किटने कुणाचा फड जळालाय का. जळीत ऊस आधी न्यावाच लागतो.

यातली जळिताची गोष्ट सोडली तर बाकी एकही कुठल्या रजिस्टरात सापडणार नाही. शेती अधिकाऱ्यांना विचारलंत तर ते नियम सांगतील, आणि नियम बरोबरच आहेत. वाट मात्र चिटबॉयला माहीत असते.

चिंचबन

+१. बांधाची भांडणं आता सर्व्हरवर येणार म्हणा :)

गँटचार्ट

थोडा विरोधी सूर लावतो. मी पुण्यात बरीच वर्षं प्रकल्प हाताळतोय, बहुतेक सरकारी आणि निमसरकारी.

एक, वापरणाऱ्याला विचारलं की तो आहे तेच मागतो. हातातलं रजिस्टर जसंच्या तसं स्क्रीनवर हवं, रकाने त्याच क्रमाने हवेत, "शेरा" सुद्धा शेवटीच हवा. मग बदल कशासाठी करायचा? दोन, दहा जणांना विचारलं तर बारा मागण्या येतात आणि त्यातल्या निम्म्या एकमेकांच्या विरुद्ध असतात. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, टेंडरमध्ये गरजांची यादी आधी गोठवलेली असते. त्यावर सह्या होतात, त्यावरच बिल निघतं. सहाव्या महिन्यात चिटबॉयने काही नवं सांगितलं तर त्याचे पैसे कोण देणार?

लोकांना विचारू नये असं मी म्हणत नाही. पण ठरवायचा अधिकार एका जागी असावा.

पाटीपेन्सिल

@गँटचार्ट, तुमचा पहिला मुद्दा घेते. रजिस्टर तसंच का हवं असतं, हे विचारलंत का कधी?

माझी आई अंगणवाडी सेविका. तिच्याकडे अकरा रजिस्टरं असायची. बाळाचं वजन करताना एक हात काट्यावर, एक बाळाला, आणि बाळ रडत असतं. ती आधी आकडा पाटीवर लिहून घेते, पोरं घरी गेली की रजिस्टरात उतरवते. म्हणजे नोंद दोन टप्प्यांत होते. आता ॲप म्हणतं, वजन घेतानाच भरा. कुठल्या हाताने? हा प्रश्न एखाद्या कार्यालयात बसून सुचणार नाही, त्यासाठी अंगणवाडीत सकाळी दहाला जाऊन बसावं लागेल.

२०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप आलं तेव्हा महाराष्ट्रात काय झालं ते आठवा. ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरायची, आणि सरकारने दिलेल्या फोनची मेमरी कमी, ते अडकायचे, तापायचे. सेविकांच्या संघटनांनी मराठीची मागणी केली आणि ऑगस्टमध्ये हजारो सेविकांनी ते मोबाईल परत केले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्या बायका गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव पाठ सांगतात, त्यांना 'भाषा कोणती हवी' एवढं आधी विचारलं असतं तर?

तुम्ही विचारता पैसे कोण देणार. न विचारण्याचे पैसेही कुणीतरी देतंच की. सेविका स्वतःच्या फोनचा डेटा वापरतात, मुलीला बसवून फॉर्म भरून घेतात. ती मुलगी मी होते.

खोडवा

@पाटीपेन्सिल, पाटीवरची नोंद ही फार मोलाची गोष्ट सांगितलीत. चिटबॉयही बांधावर डायरीत लिहितात आणि रात्री गट ऑफिसात (कारखान्याच्या त्या भागातल्या कार्यालयात) उतरवतात. आमच्या आराखड्यात ती डायरी कुठेच नाही.

ओस्लोकर

मूळचा सांगलीचा, कामानिमित्त नॉर्वेत. हा विषय इथे अभ्यासक्रमात असतो, त्याचा जन्मही बराचसा इथलाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

क्रिस्टेन न्यूगोर हे नाव प्रोग्रॅमिंगवाल्यांना माहीत असेल. ओले-योहान डाल यांच्यासोबत त्यांनी सिम्युला भाषा केली, आजच्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांचं मूळ ते, आणि २००१ चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळाला. हेच न्यूगोर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या लोह आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करत होते. कारखान्यांत संगणक येत होते, नियोजनाचे कार्यक्रम येत होते आणि ते सगळे व्यवस्थापनाच्या नजरेतून लिहिलेले होते. संघटनेला प्रश्न पडला, याबद्दल आम्ही बोलायचं तर कशाच्या जोरावर?

प्रकल्प सुरू झाला तेव्हा कल्पना अशी की संशोधक अभ्यास करून अहवाल देतील. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की अहवालाने काही हलत नाही. मग त्यांनी 'निष्पत्ती' कशाला म्हणायचं हेच बदललं. कामगारांच्या स्थानिक शाखा स्वतः जे शिकतील आणि जी कृती करतील ती निष्पत्ती. संशोधक मदतीला. यातून १९७५ मध्ये कामगार महासंघ आणि मालक संघटना यांच्यात संगणक प्रणालींबद्दल करार झाला, आणि १९७७ च्या कामाच्या परिस्थितीविषयीच्या कायद्यात आलं की नियोजनाच्या ज्या प्रणाली वापरल्या जातात त्यांची माहिती कामगारांना मिळाली पाहिजे आणि त्या घडवण्यात त्यांचा सहभाग असला पाहिजे.

म्हणजे @गँटचार्ट, "ठरवायचा अधिकार एका जागी असावा" हेच वाक्य त्यांनी उलटं तपासलं. एका जागी म्हणजे कुणाच्या जागी? कामगार आणि व्यवस्थापन यांचे हितसंबंध वेगळे असतात हे त्यांनी लपवलं नाही. एका टेबलाभोवती बसवलं की सगळ्यांचं एकमत होतं, असा त्यांचा समज नव्हता. म्हणून कामगारांना आधी स्वतंत्रपणे शिकायला वेळ, पैसा आणि त्यांच्या बाजूचा जाणकार मिळाला.

पुढे १९८१ ते ८५ मध्ये स्वीडन-डेन्मार्कमध्ये 'यूटोपिया' नावाचा प्रकल्प झाला, वृत्तपत्रांच्या छपाई कामगारांसोबत. पानं लावणाऱ्या माणसाला संगणकाचं पडदाचित्र शब्दांत समजावून सांगता येईना. मग त्यांनी पुठ्ठा, प्लायवूड आणि स्लाइड प्रोजेक्टर घेऊन खोटा संगणक उभा केला. लेझर प्रिंटर तर नुसतं खोकं होतं, वर नाव लिहिलेलं. जुळारी त्या खोट्या यंत्रावर खरं पान लावायला बसला की हात आपोआप जिथे जायचा तिथे काय हवं ते कळायचं. तोंडी मुलाखतीत हे कधीच बाहेर आलं नसतं.

खोडवा, तुम्हाला याला दमडीही लागणार नाही. कागदावर स्क्रीन काढा आणि बांधावर चिटबॉयच्या हातात द्या.

जुनी_रेमिंग्टन

अवांतर आहे, पण छपाईचा विषय निघाला म्हणून. टंकलेखन संस्थेत रेमिंग्टन टाइपरायटरवर बोटं बसलेली आमची पिढी. युनिकोड आलं, कुठल्याही मशीनवर मराठी सारखीच दिसू लागली, फार चांगलं झालं, पण सोबत "आता इनस्क्रिप्ट शिका" हाही आदेश आला. इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची वेगळी मांडणी, शास्त्रशुद्ध आहे, मान्य. पण मिनिटाला चाळीस शब्दांचा हात सोडून पुन्हा एका बोटाने सुरुवात कोण करणार? कार्यालयातले कित्येक जण जुन्या फॉन्टलाच चिकटून राहिले आणि तो मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की नुसत्या अगम्य खुणा दिसायच्या. युनिकोडमध्येच रेमिंग्टनची मांडणी मिळाली तेव्हा कुठे हात मोकळा झाला. ती सोय पहिल्या दिवशी असती तर किती कागदपत्रं वाचली असती.

चिंचबन

@जुनी_रेमिंग्टन, अजिबात अवांतर नाही हे. आमच्या तहसीलमध्ये असे कागद अजून आहेत.

गँटचार्ट

@ओस्लोकर, माहितीपूर्ण प्रतिसाद. पण यूटोपियाची पूर्ण कथा सांगा. ती प्रणाली बाजारात फारशी चालली नाही. नॉर्वे-स्वीडनमध्ये मजबूत संघटना, कायदा पाठीशी, उच्च शिक्षण. आपल्याकडे कंत्राटी माणूस बोलायला घाबरतो. बैठकीत साहेब बसलेले असताना चिटबॉय तोंड उघडेल का?

ओस्लोकर

बरोबर, उत्पादन म्हणून ते मोठं झालं नाही. पद्धत मात्र टिकली. आणि ती गरीब देशांत चालत नाही हे मान्य नाही. १९९४ नंतरच्या दक्षिण आफ्रिकेत, वर्णभेदाच्या काळातली विस्कळीत आरोग्य नोंदव्यवस्था नव्याने बांधायची होती. ओस्लो विद्यापीठाशी जोडलेल्या लोकांनी केप टाऊनच्या आसपास दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांबरोबर बसून आधी एकच प्रश्न सोडवला: कोणती आकडेवारी खरंच लागते? त्यातून कमीत कमी नोंदींची यादी ठरली आणि मग सॉफ्टवेअर. त्याचीच पुढची आवृत्ती डीएचआयएस २. ती सर्वात आधी २००६ मध्ये आपल्या केरळात वापरात आली आणि आज सत्तरहून जास्त देशांत चालते.

साहेबांसमोर कुणी बोलणार नाही, हे मात्र शंभर टक्के खरं. म्हणून साहेबांशिवाय बसायचं.

थेम्सकाठी

लंडनहून. न विचारल्यावर काय होतं याचं इथलं उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी लिहिते, कारण मी आरोग्यसेवेत काम करते आणि आम्हाला ते शिकवलं जातं.

२६ ऑक्टोबर १९९२. लंडन रुग्णवाहिका सेवेने फोन आल्यापासून गाडी पाठवण्यापर्यंत सगळं संगणकावर नेलं. आधी कोणती गाडी कुठे पाठवायची यात नियंत्रण कक्षातल्या माणसांचा अनुभव असायचा, गाडीवरचे लोकही बोलून ठरवायचे. नव्या प्रणालीत ते काढून टाकलं. प्रणालीला प्रत्येक गाडीचा ठावठिकाणा आणि स्थिती जवळजवळ अचूक कळणं गरजेचं होतं, त्यासाठी गाडीत बटणं. घाईत चुकीचं बटण, रेडिओ न पोहोचणारे भाग, की संगणकाच्या दृष्टीने गाडी भलतीकडेच. चुकांचे संदेश पडद्यावरून वर सरकत दिसेनासे व्हायचे. एका रुग्णाकडे दोन गाड्या, दुसऱ्याकडे एकही नाही, मग लोक पुन्हा फोन करणार, मग आणखी भार. काही दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, सगळंच बंद पडलं. प्रमुखांना पद सोडावं लागलं. १९९३ च्या चौकशी अहवालात इतर कारणांसोबत हेही स्पष्ट आलं की गाडीवरच्या कर्मचाऱ्यांचा सहभाग पुरेसा नव्हता आणि त्यांचा या प्रणालीवर विश्वासच नव्हता.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. त्याच सेवेने १९९६ मध्ये नवी प्रणाली यशस्वीपणे आणली. हळूहळू, एकेक तुकडा, कर्मचाऱ्यांना दाखवत, त्यांनी थांबा म्हटलं की थांबत. लोकही बरेचसे तेच होते. कामाची रीत बदलली होती.

बांधावरून

आपल्या ई-पीक पाहणीकडे पण बघा. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झाली. कल्पना माझ्या मते उत्तम. पूर्वी तलाठी नोंद करायचे, सातबारावर मागच्या वर्षीचंच पीक यायचं. आता शेतकरी स्वतः रानात उभा राहून फोटो काढतो आणि नोंदवतो. पण पहिल्या खरिपात रेंज नाही, म्हाताऱ्या माणसांकडे साधा फोन, आणि एकदा चुकीचं पीक पडलं की दुरुस्तीसाठी हेलपाटे. २०२२ च्या आवृत्तीत ४८ तासांत स्वतः दुरुस्ती करायची सोय आली. ही एक सोय किती मोठी आहे हे ज्याने तुरीच्या जागी सोयाबीन टाकलंय त्यालाच कळेल.

खोडवा, तुमच्या ॲपमध्ये दुरुस्तीची वाट पहिल्या दिवसापासून ठेवा. आणि दुरुस्ती कुणी केली तेही दिसू द्या.

बालाघाट

सगळे चिटबॉय आणि सभासदांबद्दल बोलताय. टोळीचं काय?

आमच्या बीड जिल्ह्यातून नवरा-बायको मिळून एक कोयता धरून जातात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते. आज इथे तर उद्या कुठे, हे त्या स्लिपवर ठरतं. गाडी रात्री अकराला भरायला आली तर बाईला पोरं कोपीवर (झोपडीवर) टाकून मोळ्या वाहाव्या लागतात. तुमचं ॲप 'गाडी कधी पोहोचली' एवढं कारखान्याला सांगेल. 'गाडी कधी येणार' हे टोळीला सांगेल का? तिच्यासाठी तेवढीच एक माहिती अख्ख्या ॲपपेक्षा मोलाची आहे. फोन मुकादमाकडे असतो, त्यामुळे मुकादमाला विचारलं म्हणजे टोळीला विचारलं असं धरू नका. वापरणारा तो, भोगणारी ती.

रानवाट

@बालाघाट, मनापासून अनुमोदन. मी वर बांधापर्यंतच पाहिलं.

आणि आणखी एक उघड बोलायला हवं. चिटबॉयला सगळं माहीत असतं म्हणजे तो सगळ्यांच्या बाजूचा असतो असं नाही. क्रम सगळ्यांना दिसायला लागला की वशिल्याने मधे घुसवलेली स्लिपही दिसणार. टोळीची खुशाली, गाडीवाल्याची एंट्री, हे वरचे पैसे शेतकरी दर हंगामाला भरतो. चिटबॉय म्हणेल "यादी उघडी करू नका", सभासद म्हणेल "करा". तेव्हा?

वारणाकाठ

तुमच्या अगदी शेजारचं उदाहरण कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. १९९८ ला वारणेत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प झाला. गावोगाव संगणक केंद्रं, शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीची माहिती, सरकारी सेवा मिळतील असं स्वप्न. पुढे संशोधकांनी जाऊन प्रत्यक्ष वापर बघितला तर लोक बहुतेक उसाच्याच कामाला येत होते: वजन किती झालं, खताचं खातं काय. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या लोकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवर एसएमएस पाठवून तीच माहिती देऊन बघितली. कमी खर्चात काम झालं, आणि शेतकरी केंद्राच्या वेळेला बांधलेला राहिला नाही. लोक काय मागतात याच्याबरोबर लोक प्रत्यक्ष काय करतात हेही बघितलं म्हणून हे सुचलं.

गँटचार्ट यांची 'आहे तेच मागतात' ही तक्रार इथे सुटते असं मला वाटतं.

गँटचार्ट

@वारणाकाठ, हे उदाहरण पटलं. अधिकाराबद्दल माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण टेंडरचा उपाय सांगतो, कारण तो जमतो. काम दोन करारांत तोडा. पहिला करार छोटा, कागदी नमुने आणि एका गटात चाचणी एवढ्यापुरता, त्याचं बिल स्वतंत्र. गरजांची यादी त्याच्या शेवटी गोठवा, आधी नाही. आणि जे चिटबॉय, सभासद, मजूर येतील त्यांच्या वेळेचे पैसे त्यात धरा. फुकटात बोलावलेल्या माणसाला आपण लवकर विसरतो.

पाटीपेन्सिल

@गँटचार्ट, वेळेचे पैसे! हे वाक्य फ्रेम करून लावलं पाहिजे.

खोडवा

सगळ्यांचे आभार. आज कारखान्यात बोलणं झालं, त्यातून एवढं ठरतंय.

एकच गट निवडायचा. चिटबॉय वेगळे बसतील, सभासद वेगळे, टोळीतल्या बायका वेगळ्या, आणि त्या बैठकीत मुकादम नसेल. शेती अधिकारी तिन्हीकडे नसतील, त्यांनी ते मान्य केलं. स्क्रीन कागदावर काढून नेणार. डायरीतली नोंद आणि ॲपमधली नोंद हे दोन टप्पे वेगळे ठेवणार. गाडी निघाली की टोळीला संदेश जाईल, हे पहिल्या यादीत घातलंय.

@रानवाट, यादी उघडी करायची की नाही हा प्रश्न मी संचालकांसमोर ठेवला. माझं म्हणणं, करायची, आणि क्रम मोडला तर कारणासकट दिसायचा: वाट नाही, ओल आहे, जळीत आहे. म्हणजे चिटबॉयचा शहाणपणाचा निर्णय झाकला जाणार नाही आणि वशिलाही लपणार नाही. कोणती कारणं यादीत हवीत ते चिटबॉयनीच ठरवायचं, आणि ती मान्य आहेत का ते सभासदांनी. संचालक मंडळाचं उत्तर अजून यायचंय.

बालाघाट

कारणांच्या यादीत 'टोळीतलं माणूस आजारी' हे घाला. बाई आजारी असली तरी दुसऱ्या दिवशी फडात उतरते, कारण स्लिप पडलेली असते.

खोडवा

@बालाघाट, घातलं.

रानवाट

मग बैठका आत्ताच लावा. आडसाली (पावसाळ्यातल्या) लागणीच्या नोंदी चालू आहेत, चिटबॉय रोज गावात असतो आणि संध्याकाळी मोकळा असतो. एकदा गाळप सुरू झालं की तो तुम्हाला एप्रिलपर्यंत सापडणार नाही. टोळीच्या बायकांसाठी मात्र तुम्हालाच दिवाळीच्या आत बीडला जावं लागेल, त्या इथे आल्या की त्यांना बसायला वेळ नसतो. बालाघाट, गाव सुचवाल का?

बालाघाट

सुचवतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय. दुपारी नका येऊ, सगळ्या रानात असतात. दिवेलागणीनंतर या, आणि सोबत एखादी बाई असू द्या बोलायला.